पोत्याची मागची बाजू

इंगोले बाई दुकानात आल्या की "कसा आहेस रे विलास" वगैरे भानगड नसायची. छत्री चौकटीला टेकवायची, चपला पायरीखाली काढायच्या, माझं दुकान म्हणजे जसं काही देऊळच, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "पोतं पलटव."

अल्लीपुरात बाजारगल्लीच्या तोंडाशी माझं जनावरांच्या खाद्याचं दुकान आहे. तुरीची चुनी, गव्हाचा कोंडा, मिठाचे गोळे, आणि मुख्य माल सरकीची ढेप. सरकी म्हणजे कापसाचं बी. त्याचं तेल काढलं की मागे जो चोथा राहतो, ती ढेप. आमच्या भागात दुभत्या जनावराला ढेप घालत नाही असं घर दाखवा. गाय आटली, ढेप घाला. बैल खंगला, ढेप घाला. बापापासून हेच विकत आलो, त्यामुळे ढेपेबद्दल आपल्याला सगळं कळतं, अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत कशी गेली तेच सांगायला बसलो आहे, पण आधी बाईंबद्दल सांगतो.

बाई मला सातवीत विज्ञानाला होत्या. उंच, काटकुळ्या, फिकट रंगाचं सुती लुगडं, गळ्यात तुळशीची माळ. काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक भिंग त्यांच्या पिशवीत कायम असायचं. वर्गात आम्हाला घरून बिस्किटाचे, साबणाचे, मंजनाचे कागद आणायला लावायच्या. कागद आणला की पुढची बाजू पाहू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "पुढे विकणारा बोलते, मागे माल बोलते." मग एकेकाने उभं राहून मागचं बारीक अक्षर मोठ्यानं वाचायचं. अख्ख्या गावात आमचीच एक पिढी अशी निघाली की जी खोकल्याचं औषध घेतानाही बाटली फिरवून पाहते. आमच्या बायका त्याला वैतागतात.

त्यांच्या बोलण्याची एक गंमत होती. मन ठिकाणावर असलं की बाई आपल्यासारख्याच बोलायच्या, मले-तुले, काऊन-कायले. राग आला की एकदम पुस्तकी. "विलास, आपण आपली वही घेऊन पुढे यावे," असं ऐकलं की पाठ केलेलंही विसरायचो. हात त्यांनी कधी उगारला नाही. त्या 'यावे'नंच काम व्हायचं.

माझ्यावर त्यांचा एक खास राग होता. मी उत्तर लवकर द्यायचो. प्रश्न अर्धा झाला की माझा हात वर, आणि हात वर जायच्या आधी उत्तर बाहेर. बरोबर आलं तर शाबासकी नाही, चुकलं तर मरण. बाई म्हणायच्या, "प्रश्न पूर्ण म्हण." मग मी उभा राहून सगळा प्रश्न पहिल्यापासून म्हणायचा, आणि त्यानंतर उत्तर. वर्षभर मला तेवढंच शिकवलं म्हणाना. मी शिकलो नाही.

मॉनिटर हा कुत्रा त्यांच्याकडे आला तो नोकरीच्या शेवटच्या वर्षात. रस्त्याच्या कामावर आलेला कोणी साहेब गावात भाड्यानं राहत होता, त्यानं हौसेनं आणलेलं पिल्लू. काम संपलं, साहेब गेला, कुत्रं राहिलं. अर्धा लॅब्राडोर, अर्धा अल्लीपूरचा, रंगानं पिवळट. तो रोज सातवीच्या उंबरठ्यावर येऊन बसायचा आणि उशिरा येणाऱ्या पोट्ट्यावर भुंकायचा. वेळेवर आलेल्याला काही नाही. बाईंनी नाव ठेवलं मॉनिटर. निरोपाच्या दिवशी शाळेनं बाईंना शाल आणि नारळ दिला, आणि मॉनिटर न विचारता त्यांच्या मागे घरी गेला.

गुरुजी, म्हणजे बाईंचे यजमान, त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. लेक हैदराबादला, नोकरी-संसारात. आणि बाईंना ऐकू येणं कमी झालं होतं. डावा कान तर पार गेलाच होता. मशीन आणून दिलं लेकीनं, ते त्यांनी मागचं सगळं वाचून कपाटात ठेवून दिलं. घरात बाईंचा कान म्हणजे मॉनिटर. दारात दूधवाला आला की तो जाऊन पदर ओढायचा. कुकरची शिट्टी झाली, पदर ओढायचा. एकदा बाई आंगणात घसरून पडल्या तेव्हा त्यानं रस्त्यात जाऊन दूधवाल्याची मोटारसायकल आडवी केली होती. त्या घरात तो होता म्हणून बाई एकट्या राहू शकत होत्या, हे बाईंना ठाऊक होतं, लेकीला ठाऊक होतं, आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. लेक दर सुट्टीत म्हणायची, चल माझ्याकडे. बाई म्हणायच्या, "मॉनिटर आहे तोवर काढू नको तो विषय."

तर अशा त्या कुत्र्याचे केस गळायला लागले. बरगड्या मोजून घ्या. बाईंचं घर माळकरी, कुत्र्याला मिळायचं ते भाकर, ताक, वरणभात. वर्ध्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि हसून सांगितलं, "बाई, माळ तुमच्या गळ्यात आहे, याच्या नाही. याला प्रथिनं पाहिजेत. कुत्र्यांचं खाद्य मिळतं ते द्या. परवडत नसेल तर अंडी, कोंबडी शिजवून द्या."

अंडी आणि कोंबडी या दोन शब्दांवर बाईंचा हात गळ्याशी गेला असणार. मी नंतर एकदा तेच म्हणालो तेव्हा गेला होता. "गुरुजीनं अन् म्या एकाच दिवशी घातली रे माळ," एवढंच म्हणाल्या. मी तो विषय तिथेच सोडला.

मग बाईंनी खाद्याचा शोध सुरू केला, आणि तो काय शोध होता म्हणता. पुण्या-नागपूरकडच्या लोकांना वाटतं, खाद्य काय, दुकानात जायचं नि आणायचं. खेड्यातून करून पाहा. पहिल्यांदा बाई एसटीनं वर्ध्याला गेल्या. तिथे एका दुकानात खुल्या पोत्यातून मापानं विकत होते, स्वस्त. बाई दुकानदाराला म्हणाल्या, पोतं पलटवा. तो म्हणाला, आजी, कुत्र्याचंच आहे, घ्या. बाईंनी स्वतःच पोत्याची कड उलटली. तारखेची जागा घासलेली. मग एक गोळी उचलून नाकाशी नेली आणि पुस्तकी झाल्या: "हे खवट झाले आहे. आपण चाखून पाहता का?" तो दुकानदार म्हणे अजून कोणी म्हातारी दिसली की आत जातो.

नंतर मोबाइलवरून मागवून पाहिलं. माझ्याच मोबाइलवरून, माझीच बोटं दुखली. कुरिअरवाला हिंगणघाटच्या पुढे यायला तयार नाही. तिथून फोन करायचा, बाईंना फोन ऐकू यायचा नाही, पार्सल परत. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी माझा नंबर दिला, तर नेमका मी त्या दिवशी देवळीला लग्नात, बँडच्या पुढ्यात. तेही परत गेलं. मला बोलल्या नाहीत, पण आठवडाभर "आपण" म्हणत होत्या.

शेवटी म्हणाल्या, तूच दुकानात ठेव. एका गिऱ्हाइकासाठी कोण माल ठेवते? पण बाईंना नाही कोण म्हणणार. मी हिंगणघाटहून एका कंपनीचं मोठं पोतं आणलं. बाईंनी भिंग काढलं आणि पायरीवर बसून तासभर वाचलं. "ज्याचं वजन जास्ती ते पहिले लिहितात," मला शिकवलं. "पाह्य, यात मका पहिला. मग गहू. मग सोयाबीन. कोंबडी सातवी. हे कोंबडीचं खाद्य नोहे, कोंबडीच्या फोटोचं आहे." परत पाठवायला लावलं. दुसरं आणलं, त्यात कोंबडी पहिली होती. ते बाईंना पसंत पडलं. वेगळ्या डावानं, डाव्या हातानं वाढायच्या आणि मग हात चिंच लावून धुवायच्या. पण श्रावणात ओल धरली. तळाशी बुरशी आली. अर्धं पोतं उकिरड्यावर गेलं, आणि दुसरं आणायचं तर कंपनीनं भाव असा वाढवलेला की बाईंच्या पेन्शनीला झेपेना. लहान पिशव्या घ्याव्या तर त्या आणखी महाग. मॉनिटरच्या पाठीवर पुन्हा टक्कल दिसायला लागलं.

तेव्हापासून बाई वेगळ्याच दिसायला लागल्या. आधी शोध म्हणजे त्यांना एक प्रयोग होता, त्यात मजा होती. आता रोज येऊन विचारायच्या, "काही नवीन आलं का रे?" मी नाही म्हणालो की तिथेच उभ्या राहायच्या. घरी सोयाबीन शिजवून पाहिलं, ज्वारीच्या पिठात शेंगदाण्याचा कूट घालून पाहिलं. सोयाबीननं कुत्र्याच्या पोटात असा वारा धरला की शेजारच्या वहिनींनी खिडकी लावून घेतली. शेंगदाणे तो हुंगून सोडून द्यायचा. बाई वहीत रोज लिहायच्या, आज काय घातलं, किती खाल्लं, शी कशी झाली. वही मला दाखवायच्या. मी गिऱ्हाइकं करता करता हं हं म्हणायचो. खरं सांगू, मला कंटाळा आला होता. एका कुत्र्यासाठी माणसानं किती डोकं खावं.

दिवाळीच्या तोंडाचा दिवस. कापूस निघायला लागला होता, दारात ट्रॅक्टर उभा, ढेपेची पोती उतरत होती, सात-आठ गिऱ्हाइकं एकदम. बाई आल्या. "पोतं पलटव." मी एक पोतं त्यांच्याकडे वळवलं आणि पाठ फिरवली. त्या भिंग लावून वाचत बसल्या, वहीत बघितलं, पुन्हा पोत्यावर बघितलं.

"विलास," म्हणाल्या, "यात तं प्रथिन त्या खाद्याइतकंच आहे की रे."

"असंन ना बाई."

"आता ढेप गाईले चालते, हे खरं. पण समजा..."

"चालते बाई," मी म्हणालो. "कोणत्याही जनावराले चालते. बकरीले चालते, म्हशीले चालते. डोळे मिटून न्या."

मला वाटलं, शेजारणीच्या बकरीसाठी विचारून राह्यल्या. खरं म्हणजे तसंही वाटलं नाही. मला काहीच वाटलं नाही, मला त्यांना वाटेला लावायचं होतं.

बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या. हे मला स्पष्ट आठवतं, त्या लगेच गेल्या नाहीत. "नक्की ना?" म्हणाल्या.

"बाई, बापाच्या वेळेपासूनचं दुकान हाय माह्यं."

"हाव, तेही खरं," म्हणाल्या आणि पाच किलो ढेप मोजून घेऊन गेल्या.

पंधरा-वीस दिवसांनी आल्या त्या हसतच. मी त्यांना इतकं हसताना फार वर्षांनी पाहिलं. "मॉनिटरले जमलं बरं का. चाटूनपुसून खाते. केसही येऊन राह्यले." मी म्हणालो, वा. आणखी ढेप बांधून दिली. जमलं म्हणजे काय जमलं, हे मी विचारलं नाही. पुढे दर महिन्याला नेत होत्या, ज्वारीच्या पिठात कालवून, गूळ-तूप लावून त्याच्या भाकरी थापत होत्या. सारं गाव ज्या ढेपेवर पोसलेलं, तिचं कोणाला काय वाटणार? शेजारच्या वहिनींनीही पाहिलं असेल, त्यांच्याही घरी गाय आहे.

संक्रांतीनंतर मॉनिटर माझ्या दुकानाच्या तीन पायऱ्या चढेना. खाली बसून धापा टाकायचा. पोट सुटलं होतं. लोक म्हणायचे, बाईंनी कुत्र्याला चांगलं माजवलं. पोट मोठं, पण पाठीचा कणा हाताला लागतो, हे त्यांनी वहीत लिहिलं होतं. त्याला अशक्तपणा आला असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी ढेप वाढवली.

हे वाक्य मी रोज मनात म्हणतो. अशक्तपणा आला म्हणून त्यांनी ढेप वाढवली.

होळीच्या सुमारास तो आडवा पडला. बाई सकाळी दुकानात आल्या त्या अनवाणीच, छत्री नाही, भिंग नाही, हातात फक्त वही. "गाडी काढ," एवढंच म्हणाल्या. मी माल न्यायचा छोटा हत्ती टेम्पो काढला. पुढे बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. मागे पोत्यावर मॉनिटर, त्याचं डोकं मांडीवर, आणि डोक्यावर ऊन म्हणून पदर धरून बाई. वर्ध्यापर्यंत आरशात मला ते दिसत होतं.

डॉक्टरांनी पोटाला हात लावला, छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. पोटात पाणी झालं होतं. सुई टोचून ते काढलं, भांडंभर निघालं. "खायला काय देता?" त्यांनी विचारलं. बाईंनी वही उघडली आणि हजेरी घ्यावी तशी वाचायला लागल्या. ज्वारीचं पीठ. गूळ. तूप. ढेप.

"कशाची ढेप?"

"सरकीची."

डॉक्टरांनी वही त्यांच्या हातातून घेतली. मग हळू आवाजात समजावलं, डाव्या कानाशी. मी म्हणालो, साहेब, उजव्या. मग उजव्या कानाशी सांगितलं. सरकीत एक विष असतं. गाय-म्हैस रवंथ करणारी, त्यांच्या पोटात ते मोडतं. कुत्र्याच्या पोटात मोडत नाही. थोडं थोडं साठतं, आणि बसतं ते हृदयावर. केस आले असतील सुरुवातीला, तुपानं आले असतील. ढेप आजपासून बंद. गोळ्या देतो. अंडी द्या, कोंबडीचं काळीज शिजवून द्या. जगेल असं मी म्हणत नाही.

बाई उभ्याच होत्या. डॉक्टर चिडले नव्हते, पण विचारलं त्यांनी, "ढेप घाला म्हणून तुम्हाला सांगितलं कोणी?"

मी दारात उभा होतो. मॉनिटरची साखळी माझ्या हातात होती.

"कोणीही नाही," बाई म्हणाल्या. "मी वाचले."

पुस्तकी म्हणाल्या. म्हणजे राग होता. तो कोणावर होता, ते मला कळलं, आणि तरी माझं तोंड उघडलं नाही. एक वाक्य बोलायचं होतं, मी सांगितलं, साहेब. तेवढं झालं नाही माझ्याच्यानं. परतीच्या वाटेवर आरसा मी दुसरीकडे वळवून ठेवला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी बाईंना कोंबडीच्या दुकानापुढे रांगेत पाहिलं. आमच्या गावात हे म्हणजे काय, ते सांगून कळणार नाही. त्या गल्लीनं बाई कधी गेल्या नव्हत्या, शाळेला जातानासुद्धा लांबचा फेरा घ्यायच्या. गळा मोकळा होता. माळ पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलेली, ती गाठ त्यांनी मुठीत घट्ट धरली होती. पुढची माणसं बाजूला झाली. कापणारा त्यांचाच विद्यार्थी, माझ्या मागच्या वर्गातला. त्याच्या हातातला सुरा थांबला. "बाई, तुमी कायले आल्या? निरोप धाडला असता तं मी आणून देलं असतं."

"अर्धा किलो," बाई म्हणाल्या. "काळीज वेगळे द्यावे. आणि आजचेच असावे."

त्यानं पैसे घेतले नाहीत. बाईंनी ते ओट्यावर ठेवले आणि निघाल्या. आंगणात तीन विटा मांडून, नवं अल्युमिनियमचं पातेलं घेऊन, नाकाला पदर लावून त्यांनी ते शिजवलं. स्वतः दोन दिवस जेवल्या नाहीत, असं वहिनी म्हणाल्या. मॉनिटर मात्र जेवला. आठ-दहा दिवस तो थोडं थोडं जेवत होता. एके दिवशी मी गेलो तर उठला, डुलत डुलत बाईंकडे गेला आणि पदर ओढला. बाईंनी वळून मला पाहिलं. "पाह्यलं का," म्हणाल्या, "त्यानं सांगतलं तू आला म्हणून." मला वाटलं, सुटलो. मला वाटलं, कुत्रं जगते आणि मी सुटलो. आधी कुत्र्याचं मनात यायला पाहिजे होतं, पण खरं ते असं आहे.

त्यानंतर चार दिवसांनी दुपारी मी हिंगणघाटहून त्याच्या गोळ्या घेऊन गेलो. फाटक उघडलं, वाजलं. आंगण ओलांडलं, पडवीत आलो. मॉनिटर भिंतीशी पडलेला, बाई त्याच्या डोक्याशी बसून वाटीत काळीज कुस्करत होत्या, बारीक, एकही गाठ न ठेवता. मी तीन हातांवर उभा होतो. बाईंनी मान वर केली आणि मला पाहून दचकल्या.

मला पाहून दचकल्या, आणि मग खाली मॉनिटरकडे पाहिलं. कोणी आलं आणि आपल्याला कोणी सांगितलं नाही, एवढ्यावरून त्यांना कळलं. वाटी त्यांनी खाली ठेवली. हात काळजानं भरलेला होता, तो तसाच त्याच्या मानेवर ठेवला. रडल्या नाहीत. मी रडलो, मोठ्यानं, बाईंना ऐकू येत नव्हतं म्हणून.

परसात लिंबाखाली त्याला पुरलं. लेक हैदराबादहून निघाली. आता तो विषय काढायला कोणाची आडकाठी नव्हती.

जायच्या आदल्या दिवशी बाई दुकानात आल्या. छत्री चौकटीला टेकवली, चपला पायरीखाली काढल्या. गळा अजून मोकळाच होता. हातात काळं मार्कर पेन, फळ्यावर लिहितात तसलं जाड. मी उठून उभा राहिलो. मला वाटलं, आता बोलतील. मनातून मला ते पाहिजेच होतं.

"पोतं पलटव," म्हणाल्या.

सकाळीच नवीन माल उतरला होता, भिंतीला पन्नासेक पोती लागलेली. मी पहिलं पोतं वळवलं. बाई तिपाई ओढून बसल्या आणि पोत्याच्या मागे, कंपनीचं बारीक अक्षर जिथे संपतं त्याच्या खाली, आपल्या त्या शाळेतल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: ही ढेप कुत्र्याला देऊ नये. मृत्यू होतो. 'मृत्यू'तला दीर्घ उकार त्यांनी पुन्हा गिरवून नीट केला. मग दुसरं पोतं. मग तिसरं. गिऱ्हाइकं आली, पाहून गेली. मी वळवत होतो, बाई लिहीत होत्या. एकही ओळ वाकडी गेली नाही. आता नवीन माल आला की ते मीच लिहितो. माझं अक्षर बाईंना पसंत पडलं नसतं.

वीसेक पोती झाल्यावर मला राहवलं नाही. मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन खाली बसलो. "बाई, त्या दिवशी तुमी मले इचारलं होतं, अन् मी..."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, सातवीत पाहायच्या तसं.

"प्रश्न पूर्ण म्हण," म्हणाल्या.

मी उभा राहिलो. पन्नाशी उलटलेला माणूस, दुकानात गिऱ्हाईक उभं, आणि मी हात बाजूला सरळ ठेवून उभा राहिलो. दिवाळीपासून होळीपर्यंत जो प्रश्न मी ऐकलाच नव्हता तो पहिल्यांदा पूर्ण म्हणालो. "ढेप गाईले चालते, हे खरं. पण समजा कुत्र्याले घातली, तं चालन का?"

"आता उत्तर."

"नाई चालत, बाई."

बाईंनी मान हलवली. मग पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

"हं," म्हणाल्या. "पलटव पुढचं."